कुणाकडून नाही

माझ्या हातात पेटलेली मेणबत्ती होती. मागून एक हात आला आणि त्यानं ती काढून घेतली.

"हिला कशाला? हिच्या घरी तर फटाके फुटले असतील."

आमच्याच वर्गातला मुलगा. प्रॅक्टिकलला माझ्या शेजारच्या टेबलावर उभा राहतो. दोघं-तिघं हसले. बाकीचे हसले नाहीत. पण बोललंही कुणी नाही.

नंदुरबारच्या आमच्या कॉलेजचं मैदान होतं. श्रद्धांजलीची सभा. दूर डोंगरात सहलीला गेलेल्या माणसांना नावं विचारून गोळ्या घातल्या होत्या. सगळा देश टीव्हीसमोर बसून होता. मीही होते. एक मुलगी बापाच्या बंद फोनवर पुन्हा पुन्हा फोन लावत होती, ते दाखवलं. मला जेवण गेलं नाही. माझी रूममेट भाग्यश्री, म्हसावदच्या पाटलांची पोर, तिनं ताट झाकून ठेवलं. आम्ही दोघी एकाच पलंगावर बसून रडलो. तेव्हा मला वाटलं नव्हतं की माझं रडणं वेगळं मोजलं जाईल.

मेणबत्ती गेली. मी रिकामे हात घेऊन उभी. तेवढ्यात कार्यक्रमाची व्यवस्था बघणारे सर आले. त्यांनी त्या मुलाला काही म्हटलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस. स्टेजवर ये. दोन शब्द बोल. तुमच्याकडून निषेध आला तर बरं दिसेल."

तुमच्याकडून. मी मागे बघितलं. मागे कुणीच नव्हतं. त्या मैदानात मुसलमान मी एकटीच होते.

भाग्यश्री कानाशी पुटपुटली, "जाय ना माय. तू बोलनी नहीं तर लोके काय म्हनतीन?"

मी गेले. माइक हातात धरला. मी म्हटलं, मी या हल्ल्याचा निषेध करते. मारणारे माझे कुणी लागत नाहीत. माझं या देशावर प्रेम आहे.

टाळ्या पडल्या.

श्रद्धांजलीला टाळ्या! माझ्याआधी तिघं बोलले होते. त्यांना कुणी टाळी दिली नव्हती. त्यांनी देशावर प्रेम आहे असंही सांगितलं नव्हतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मी परीक्षा दिली होती आणि पास झाले होते. मी स्टेजवरून उतरले. सर म्हणाले, "शाब्बास."

तो शाब्बास मला अजून टोचतो. त्या मुलाच्या बोलण्यापेक्षा जास्त.

रविवारी गावी गेले, विसरवाडीला. अब्बा हायवेवर पपईची गाडी लावतात. चिरलेली पपई, वरून मीठ-मसाला. बस थांबली की खिडक्यांतून हात बाहेर येतात. त्या दिवशी मी गाडीमागे उभी राहून पपई चिरत होते. बसमधून एक माणूस उतरला. इस्त्रीचा शर्ट, चांगला शिकलेला वाटत होता. प्लेट उचलली, मग परत ठेवली.

"नाव काय तुझं?"

अब्बांची दाढी सगळी पांढरी झालीय. आणि तो 'तुझं' म्हणत होता.

अब्बा म्हणाले, "राजू, साहेब."

माझा सुरा थांबला. माणसानं प्लेट घेतली, खाल्ली आणि बसमध्ये चढला. अब्बा फडक्यानं गाडी पुसत राहिले. माझ्याकडं बघेनात.

"अब्बा, असं का सांगितलं?"

अब्बा बाजारात बोलतात त्या अहिराणीतच बोलले, जणू मीही गिऱ्हाईकच. "पोट शे ना बेटा. नाव काय पयी जास का?"

नाव काय पळून जातं, म्हणे. मला रागच आला. त्यांचा नाही. नाव विचारून माणसं मारली म्हणून देश रडत होता, आणि इथं पपई घ्यायच्या आधी नाव विचारत होते. त्यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. संध्याकाळच्या एसटीत मी बसले, पण सीटवर धड बसवेना. खिडकी उघडायची, लावायची. शेजारची बाई वैतागली.

त्याच आठवड्यात कॉलेजची निषेधाची रॅली ठरली. सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. आणखी दोन मॅडम चहा पीत होत्या.

"तू सगळ्यात पुढे राहायचं. बॅनर धरून. आणि हे बघ, त्या दिवशी बुरखा घालून ये."

"सर, मी बुरखा घालत नाही."

"माहीत आहे गं. पण फोटोत कळायला पाहिजे ना."

मॅडमांनी कप खाली ठेवला नाही. 'हो सर' जिभेवर आलंच होतं. तीन वर्षं तेच म्हणत आले होते. पण डोळ्यांसमोर अब्बांची मान आली, गाडी पुसताना खाली गेलेली.

मी म्हटलं, "मी रॅलीत येईन. माझ्या वर्गाबरोबर चालेन, रोजच्या कपड्यात. पण मी कुणाकडून येणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी माझीच येईन."

सरांचा चेहरा उतरला. "आम्ही तुझ्या भल्यासाठीच बघतोय. एवढा ताठा बरा नाही."

"ताठा नाही सर. तुम्ही आणखी कुणाला टिळा लावून यायला सांगितलंय का? की फक्त मलाच ओळखू यायला पाहिजे?"

मी नमस्कार करून बाहेर पडले. जिन्यात बसावं लागलं.

रॅलीत मी चालले, भाग्यश्रीच्या शेजारी, रांगेच्या मधोमध. ती आधी घाबरली होती. मग तिनं माझा हात धरला, आणि चौक ओलांडेपर्यंत सोडला नाही. तेवढंच. स्नेहसंमेलनाच्या नाटकातून मला काढलं, कारण सांगितलं नाही. तो मुलगा अजून शेजारच्या टेबलावर असतो, माफी मागितलेली नाही. अब्बा अजून कधी राजू असतात, कधी नसतात. त्यांना मी काही म्हणत नाही. त्यांची लाज त्यांची नाहीच, विचारणाऱ्याची आहे.

मी इथंच शिकणार. पहिल्या बाकावर बसणार. पुढं कुठं माणसं मारली गेली तर मी रडेन, माणसं मेली म्हणून. रडले का, किती रडले, हे कुणी तपासायला आलं तर दारातूनच परत पाठवीन.

दुःख माझं आहे. त्याची हजेरी मी कुणाला देणार नाही.