भर दुपारची रात्र

अशोकदादा गेल्याचा फोन आला, तेव्हा वहिनींच्या बोलण्यामागे मांजर ओरडताना ऐकू येत होती. दादा माझा मावसभाऊ, जनावरांच्या दवाखान्यातून रिटायर झालेला कंपाउंडर. इंदूरच्या मल्हारगंजातल्या त्याच्या घरी, मागच्या खोलीत आफ्रिकेतली सगळ्यात लहान रानमांजर होती. कुणा शौकीन माणसाने रीतसर कागद करून आणलेली आणि हौस फिटल्यावर दादाच्या गळ्यात मारलेली.

घरच्या मांजरीपेक्षाही लहान, तळपाय काळेभोर, आणि मिजास अशी की कधी अंगाला हात लावू दिला नाही. ती रात्री जागणारी. म्हणून दादाने खिडक्यांना काळे कागद चिकटवले, रात्री तिथे दिवे जाळायचा. मग तिची रात्र भर दुपारी व्हायची आणि त्याला जवळ बसता यायचं. अंधारात ती नराला हाक मारी... एवढ्याशा जिवातून असा घोगरा, दणदणीत आवाज की अंगावर काटा यायचा. पण इंदुरात तिला ओ देणार कोण? शेवटी दादाच घसा खरवडून ओ द्यायला शिकला, अगदी हुबेहूब. ही ओ मिळाली की मगच बाईसाहेब जेवायच्या. "अब क्या करू भिया, बेचारीचं इथे आहेच कोण?" मला इंदुरी थाटात म्हणायचा. मला तर रागच यायचा. बोलता बोलता मध्येच कान टवकारायचा हो माणूस! वहिनींनी त्या खोलीत पाऊल टाकणं सोडलं होतं.

दादा गेला आणि तिने अन्न सोडलं. डॉक्टर म्हणाले, या जातीची किडनी मुळात नाजूक, अशीच उपाशी राहिली तर संपलंच. दादामागे तीही जाणार, या विचाराने माझा जीव कासावीस झाला.

दोन-तीन दिवसांनी दुपारी गेलो, तर दार उघडंच. मागच्या खोलीतून हाक आली, आणि पाठोपाठ... ओ! मी तसाच मागे धावलो. आत गडद अंधार. डोळे सरावले तेव्हा खुर्चीत दादाचा शर्ट दिसला. शर्टात वहिनी होत्या. खाली ताटलीत हाडं कुडकुड वाजत होती. ती जेवत होती.

"वहिनी, अहो..."

"श्श! तिच्यासमोर वहिनी म्हणू नका, भाऊजी," त्या कुजबुजल्या. "तिला अजून ठाऊक नाही."

"मग काय म्हणू?"

कुडकुड थांबली. दोन डोळे माझ्याकडे वळले आणि तसेच राहिले.

मी म्हटलं, "दादा..."

"बोल ना भिया," खुर्चीतून आवाज आला.

ती पुन्हा खाऊ लागली. मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि ढसाढसा रडलो.

हल्ली दर रविवारी जातो. बाहेर वहिनींबरोबर चहा घेतो. मग आत जाऊन दादाशी बोलत बसतो.