काकांनी हँडल माझ्या हातात दिलं

शेजारच्या काकांमुळे माझ्याकडे धड सोल्डरिंग स्टेशन, म्हणजे उष्णता कमी-जास्त करता येणारं डाग द्यायचं यंत्र, आलं. काका जहाजावर वायरमन होते. काहीही घेताना ते मासळीसारखं उलटंपालटं करून बघतात. मी परभणीकडचा, आठवीत शाळा सोडलेला. हौसेने रेडिओ जोडतो, पण साध्या सोल्डरगनची उष्णता आवरत नाही आणि सर्किट जळतं. नवं घ्यायचं तर दुकानात तोंड उघडायची भीती, म्हणून काका सोबत आले.

दुकानदाराने मोठे आकडे दाखवणारं, झगमगीत स्टेशन पुढे केलं. काकांनी त्याची वायर बोटाला गुंडाळून पाहिली.

"ही सुंभासारखी ताठ रे. हात भरून येईल ह्याचा. नि टोक झिजलं, तर दुसरं इथे मिळेल, की मुंबईस धाडशील आम्हाला?"

दुकानदाराने हसत दुसरं, मऊ वायरीचं काढलं.

"काका, तुम्हीच बघा. मला काय कळतंय त्यातलं."

"काम तू करणार, नि हँडल मी धरू? वायच धर."

हँडल धरून मी तिथेच दोन तारा जोडल्या. सांधा चकचकीत आला.

"हेच बांध," काका दुकानदाराला म्हणाले. "ह्यानेच निवडलंन."

हे काका दाताच्या डॉक्टरला मात्र घाबरतात. दवाखान्याच्या पायरीवरून माघारी येतात. एक दिवस मी त्यांच्यासोबत जाईन, आणि आत आधी मी शिरेन.