गुरुवारच्या माणसांचा रविवार

आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी. चाकण-भोसरीकडच्या कितीतरी कंपन्यांचं असंच आहे, त्यामुळे आम्हाला त्याचं काही वाटत नाही. पुण्यातच वाढलेल्या चुलत नणंदेला मात्र फार वाटतं. तिच्याकडची बारशी, वास्तुशांती, हळदीकुंकू सगळं रविवारी, आणि मी रविवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये पेंगत बसलेली. "तुमचं जगच उलटं आहे, वहिनी," असं ती म्हणते. असू दे उलटं. त्या उलट्या जगात अठरा वर्षं मला रिकामा गड मिळाला, तो तिला कधी दिसलासुद्धा नाही.

माझं सासर मावळात, गडाच्या अगदी पायथ्याला. घरामागचा ओढा ओलांडला की चढ सुरू होतो. आमच्या घराची एक रीत आहे. भाताची आवणी उरकत आली, की शेवटच्या खाचरातली शेवटची मूठ, म्हणजे रोपांची हातात मावेल एवढी जुडी, लावायची नाही. ती दुसऱ्या दिवशी गडावरच्या देवीपुढे नेऊन ठेवायची. वाटेत ती कुठेही जमिनीला टेकवायची नाही. टेकली तर ती तिथेच लावली असं धरतात, मग देवीला काय उरलं? मूठ नेण्याचा मान मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. लग्न होऊन आल्यापासून मी नैवेद्याचा डबा घेऊन त्यांच्या मागे चालत आले आहे. मामंजी कधी बोलून दाखवत नाहीत, पण शेवटचं खाचर ते दरवर्षी बरोबर बुधवारवर आणून ठेवतात. सुनेला गुरुवारी सुट्टी असते म्हणून.

या वर्षी कंपनीत मोठी ऑर्डर आली आणि गुरुवारी काम लागलं. बदली सुट्टी रविवारी. मी मामंजींना म्हटलं, शेवटचं खाचर शनिवारपर्यंत ठेवा, आपण रविवारी जाऊ. त्यांनी ठेवलं. रविवारी गडावर गर्दी असते हे आम्ही ऐकून होतो, पण गाड्या लागतात त्या गावाच्या पलीकडच्या अंगाला, आणि आवणीच्या दिवसांत मामंजी चिखलातून डोकं वर काढत नाहीत. "आसतील धा-ईस माणसं. आपल्याला काय करत्यात?" एवढंच ते म्हणाले. पायथ्याला राहून आपल्याच गडाचा रविवार ठाऊक नसावा, ही चूक आमच्यासारख्या गुरुवारच्या माणसांनीच करावी.

सोबत माझी एक मैत्रीण येणार होती. आमच्याच लाइनवर काम करते, मूळची परभणीची, आता चऱ्होलीला राहते. तिला कधीपासून गड बघायचा होता. सकाळी आठला येते म्हणाली आणि दहाला पोचली, रेनकोटमधून पाणी निथळत. "काय बाई ही माणसं! देहूरोडपासून नुसती गाडीला गाडी लागलीय. मला तं वाटलं जत्राच हाय." नवरा त्या दिवशी पहिल्या शिफ्टला गेला होता. आम्ही तिघं निघालो.

ओढ्याकडची आमची वाट अर्ध्या चढावर मोठ्या वाटेला मिळते. तिथे आम्ही थबकलोच. मुंगी शिरायला जागा नव्हती. पाऊस पडतोय, चिखल झालाय, आणि त्या चिखलात वेफर्सची पाकिटं, मक्याची बुरकुंडं, पाण्याच्या बाटल्या. ज्या टाक्याचं पाणी आमच्या घरात अजून तीर्थ म्हणून पितात, त्यात एक जण बूट बुडवून धूत होता. मी त्याला हटकलं, तर म्हणतो, "पावसाचंच पाणी आहे ना?" कातळावर कुणाच्या तरी प्रेमाची जाहिरात ऑइलपेंटने केलेली. मामंजींनी मूठ छातीशी धरली होती ती खांद्यावर घेतली.

शेवटच्या दरवाजाखाली कातळात खोदलेल्या साठ-सत्तर पायऱ्या आहेत. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, रुंदी दीड माणसाची. तिथे सगळं तुंबलेलं होतं. खालचे चढतायत, वरचे उतरतायत, मधे कुणी कुणाला जागा देत नाही, आणि मागचे नुसते ढकलतायत. पहिल्या पायरीशी पोचून आम्ही जे अडकलो ते तासभर. रेटा यायचा तशी मूठ चुरगळायची, म्हणून मामंजींनी ती डोक्यावर उंच धरली. बहात्तर वर्षांचा माणूस. उजवा हात भरून आला की डावा, डावा भरून आला की उजवा. मी म्हटलं, "माझ्याकडे द्या थोडा वेळ." त्यांनी मान हलवली. "न्हाई. पोचवायची हाय मला."

मला पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा. अडीच-तीन पिढ्यांत ही मूठ वाटेत पडलेली नाही, आणि आता ती पडली तर माझ्यामुळे पडणार होती. रविवार मीच ठरवला होता.

आमच्या शेजारी दहा-बारा जणांचा घोळका होता. एका दाढीवाल्याच्या गळ्यात पेटीएवढा स्पीकर, त्याला जोडलेला माइक, आणि गाणं असं की कातळ हादरावा. त्यातल्या एकाने मामंजींचा फोटो काढला आणि विचारलं, "ओ काका, गवत कुठं घेऊन चाललात?"

सगळे हसले. मामंजी रागावले नाहीत. "भात हाय रं त्ये. तू रोज खातूस त्येच."

हसणं जरा कमी झालं, पण गाणं चालूच राहिलं. मला राग आला की माझा आवाज चढत नाही, खाली येतो. लाइनवरच्या बायकांना विचारा, त्या आवाजाला त्या जास्त घाबरतात. मी त्या दाढीवाल्यापुढे हात केला.

"माइक द्या."

"ताई, चिल ना, एन्जॉय करा..."

"माइक."

त्याने दिला. गाणंही आपणहून बंद केलं.

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. आम्ही गाड्यांचं वायरिंग बनवतो. माझ्या लाइनवर चाळीस बायका आहेत. एका टेबलावर काम अडकलं, की नवी आलेली मुलगी हमखास पुढे ढकलायला लागते. मी तिला पहिल्याच दिवशी शिकवते: तुंबलं की ढकलायचं नाही, आधी मागून येणारं थांबवायचं. मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून आमच्या खुणा ठरलेल्या आहेत. मी बोटं घट्ट मिटून हात वर केला, म्हणजे मागचं थांबवा. मैत्रिणीने तो पाहिला आणि एक शब्द न विचारता ती पहिल्या पायरीवर दोन्ही हात पसरून उभी राहिली. तिच्या अंगावर कितीही जण येऊ देत, ती हलणार नाही हे मला माहीत होतं.

मग मी माइकमध्ये बोलले. "पायऱ्यांवरच्या सगळ्यांनी आधी खाली यायचं. चढणाऱ्यांनीसुद्धा वळायचं. ही लाल ओढणी हातोहात वर पाठवते आहे. दरवाजात जो उभा असेल त्याने ती घ्यायची आणि सगळ्यांच्या शेवटी उतरायचं. त्याच्या मागच्यांनी वरच थांबायचं. ओढणी खाली आल्याशिवाय खालून एकही माणूस चढणार नाही. मग चढणाऱ्यांतला शेवटचा ती वर नेईल, आणि ती वर पोचल्याशिवाय एकही उतरणार नाही."

"आम्ही तासभर उभे आहोत," वरून कुणीतरी ओरडलं.

"मीही उभी आहे. आणि माझ्या सासऱ्यांना हात खाली करता येत नाहीये."

मैत्रिणीने गळ्यातली ओढणी काढून दिली. ती निघाली. या हातातून त्या हातात, डोक्यांवरून, भिजलेली, जड झालेली. दरवाजात एका मिशीवाल्या गृहस्थांनी ती घेतली आणि उंच धरली. मग हळूहळू पायऱ्या उतरू लागल्या. कुरकुर झाली, एकदोघांनी मला शिव्याही घातल्या असतील, पण वीसेक मिनिटांत ते गृहस्थ ओढणी घेऊन माझ्यासमोर उभे होते आणि पायऱ्या वरपासून खालपर्यंत मोकळ्या दिसत होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी विचारलं, "तुम्ही वनखात्याच्या का?"

"नाही, वायरिंगच्या," मैत्रीण म्हणाली.

मला त्या क्षणी माझ्या लाइनचा जो अभिमान वाटला, तो कंपनीने दिलेल्या कुठल्याही सर्टिफिकेटने वाटला नव्हता. कारखान्यातल्या बाया म्हणजे काय, तर वायरी गुंडाळणाऱ्या, असं समजणाऱ्यांना मी हात धरून तिथे आणायला हवं होतं.

पण लगेच दुसरी अडचण उभी राहिली. मैत्रीण म्हणाली, "मी वर जाऊन दरवाजात थांबते. पण हितं खाली कोण? तू गेलीस की परत तुंबतंय." खरंच होतं. वाटेवरून माणसं येतच होती. खाली कुणीतरी उभं राहायलाच हवं होतं, आणि ते मीच असणार होते. मी डबा मामंजींपुढे धरला. म्हटलं, "तुम्ही पुढे व्हा. मी इथे थांबते." अठरा वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

मामंजींनी डबा घेतला नाही. त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, मग ओढणीकडे.

"फडकं ज्याच्या हातात त्यो शेवटचा. व्हय ना?"

"हो."

"मंग त्येवढं मला जमतंय. तू जा." आणि त्यांनी मूठ माझ्यापुढे केली.

मी हात मागे घेतला. "तुमचा मान आहे तो."

"माझा हाय म्हूनच मी देतूय. हात थकल्यात म्हून न्हाई. घे."

मी डबा मैत्रिणीकडे दिला आणि दोन्ही हातांनी मूठ घेतली. रोपं त्यांच्या तळव्याने गरम झाली होती. पाती थोडी मोडली होती, मुळांचा चिखल तसाच ओला होता. मामंजींनी माझ्याकडचा माइक घेतला, पण दाढीवाल्याला दिला नाही, स्वतःकडेच ठेवला. तोही बिचारा स्पीकर घेऊन त्यांच्याशेजारी उभा राहिला.

एव्हाना पुढचे काही जण चढू लागले होते, त्यांच्या मागोमाग आम्हीही निघालो. दहा-बारा पायऱ्या गेलो असू, तोच खालून स्पीकर खरखरला. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग सगळ्या कातळावर मामंजींचा आवाज घुमला.

"म्होरच्यांनी कडंला सरा. आधी तिला जाऊ द्या. माझी सून हाय ती. कंपनीत चाळीस बायांची लायन चालिवती."

पुढची माणसं कातळाला पाठ लावून उभी राहिली. पाऊस तोंडावर येत होता आणि डोळे भरून आले होते, पण पुसता येत नव्हते. दोन्ही हातांत मूठ होती. मी तशीच चढत राहिले.