चाळीस हजारापासून पुढे

आमचे मोठे दीर पिस्तुलाच्या कारखान्यात ड्रॉइंग काढायचे. माणूस इतका टापटिपीचा, की चटईसुद्धा फरशीच्या रेघेला धरून अंथरणार. मी चिडवायची, "भाऊजी, झोपताना तरी जरा वाकडे व्हा."

माझा नवरा सैन्यात. सुट्टीवर आला तेव्हा भाऊजींनी जेवताना सहज विचारलं, "तुझ्या पिस्तुलाचा नंबर काय रे?"

"एकोणचाळीस हजार आठशे बारा."

त्यांचा घास हातातच राहिला.

मग सांगितलं. जुन्या पिस्तुलाची सेफ्टी लावली तरी फक्त चाप अडतो, आतली गोळीवर आदळणारी पिन मोकळीच. खाली आपटलं तर गोळी सुटू शकते. म्हणून नव्यात पिनेपुढे एक छोटी आडपट्टी घातली. चाप ओढल्याशिवाय ती हलत नाही. ड्रॉइंग भाऊजींचंच.

"साहेबांनी विचारलं, बदल कितव्या नंबरपासून? पट्ट्या तयार होत्या. तेव्हा नंबर एकोणचाळीस हजार सातशेपर्यंत आले होते. मी चाळीस हजार लिहिलं."

"का पण?" मी विचारलं.

"पूर्ण आकडा. रकान्यात बरा दिसला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण समोर माणूस रडकुंडीला आलेला.

नवऱ्यानं हसण्यावारी नेलं. तरी परत गेल्यावर पिस्तूल बदलून मागितलं, तर भांडारवाले म्हणाले, आधी जुनी संपू देत. इकडे भाऊजींनी जुन्यांतही पट्टी बसवा म्हणून तीन अर्ज केले, साहेबांच्या केबिनबाहेर तासन् तास ताटकळले. उत्तर आलं: बदल चाळीस हजारापासूनच लागू, सोबतचं ड्रॉइंग पाहावं. ड्रॉइंगखाली सही भाऊजींची.

सहा महिन्यांनी खुंटीवरून नवऱ्याचा कमरपट्टा निसटला आणि पिस्तूल फरशीवर आपटलं. सेफ्टी लावलेली होती. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जीव वाचला हे नशीब, असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे.

काल भाऊजी कुबडीचं माप घ्यायला आले, कानावर पेन्सिल लावून. नवरा भिंतीला टेकून एका पायावर उभा राहिला.

"साडेसत्तेचाळीस इंच," भाऊजी म्हणाले, आणि सवयीनं पुढे, "अठ्ठेचाळीस धरू या ना?"

"आहे तेवढंच लिहा," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं. मग टेप पुन्हा लावली. साडेसत्तेचाळीसच भरलं. खोडून तेच पुन्हा लिहिलं, परत टेप लावली. मला थांबवता येईना, त्यांना थांबता येईना.

शेवटी नवराच म्हणाला, "दादा, बस कर आता. मला उभं राहवत नाही."