घरटी एक माणूस

नील आणि ईरा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, शेजारचे भाऊ गेले तर आजोबा एवढे का रडले, ते आपले नातेवाईक होते का? नव्हते. पण नुसतं सांगून तुमचा विश्वास बसला नसता, म्हणून लिहायला बसले आहे.

भाऊंइतका छपराचा दुस्वास करणारा दुसरा माणूस अख्ख्या मावळात नसेल. भाऊंची सगळी नोकरी नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात, खिडकी नसलेल्या शेडमध्ये गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की आता दिवसाउजेडी छपराखाली बसायचं नाही, आणि ते स्वतःच्याच अंगणात राहायला आले. आरसा चिकूच्या झाडाला टांगून दाढी करायची, जेवायचं कुंपणाच्या दगडावर, आणि पाऊस आला की पानांचं इरलं डोक्यावर घेऊन त्याखाली पेपर वाचायचा. टाय लावून आलेल्या विमा एजंटालाही त्यांनी दगडावरच बसवलं होतं. मला रोज नवा धक्का बसे. एकदा सकाळी ते ओल्या गवतावर पालथे पडलेले दिसले. माणूस गेला, असं वाटून मी अनवाणी धावले. भाऊंनी शांतपणे मान वळवली.

"जमीन लय गार हाय, वहिनी. तुमी बी टेका घटकाभर."

त्याच वर्षी तुमच्या आजोबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ते उत्तम पार पडलं, पण आजोबा भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. डॉक्टर म्हणाले, चालायला हवं. मी वेळा ठरवून दिल्या, नवे बूट आणले. आजोबा पडदा ओढून घ्यायला सांगत. जेवण दोन घासांवर आलं. पुढच्या महिन्याचं काही विचारलं, की म्हणत, "तेव्हा मी कुठे असणार?" हे मी तुमच्या आईला कधी कळवलं नाही. माणूस माझ्या डोळ्यांदेखत विझत होता.

भाऊ रोज यायचे, पण घरात नाही. खिडकीबाहेर उभे राहून, धनेश कुठल्या झाडावर बसला, ओढ्याला किती पाणी आलं, ते पडद्याला सांगायचे. 

आणि जुलैत एका सकाळी पलंग रिकामा. गोळ्या तशाच, फोन तसाच, नवे बूटही जागेवर. भाऊंचं अंगणही ओस. मी छत्री न घेताच निघाले. कोपऱ्यावरच्या वाण्याने रस्त्यापलीकडच्या हॉटेलच्या मागे बोट दाखवलं. तिथल्या भाताच्या खाचरांत इर्जिक चालली होती. इर्जिक म्हणजे सगळ्या गावाने मिळून एकाचं शेत लावून द्यायचं. मजुरी नाही, फक्त जेवण. आणि त्या चिखलात, पोटरीपर्यंत बुडालेले, तुमचे आजोबा.

भाऊ शेजारीच वाकून रोपं लावत होते. यांचं ऑपरेशन झालंय, असं मी भाऊंना कसंबसं म्हणाले.

"व्हय, म्हणून तर वाकू देत न्हाई. उभ्यानं रोपांच्या मुठी द्यायच्या निस्त्या. घरटी एक माणूस लागतो, वहिनी. तुमचं घर बी मोजलंय."

आमचं? आम्ही बंगलेवाले, आमची गुंठाभर शेती नाही. मी काही बोलणार, तेवढ्यात रोपं लावणारी एक बाई खेकसली, "बाबा, बायकूकडं काय बघताय? मुठी द्या." आणि आजोबा हसले. किती महिन्यांनी.

दुपारी त्यांनी बांधावर बसून डाळभात खाल्ला आणि परत भात मागितला. निघताना तीच बाई म्हणाली, "परवा आमच्याकडं हाय. आम्ही हितं आलो, आता तुमी तितं यायचं." त्या संध्याकाळी पाय धुताना आजोबांनी मला विचारलं, "परवा मला किती वाजता उठवशील?"

मी तिथेच न्हाणीघराच्या पायरीवर बसले.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. चिखलावरून ते रागावले, बांधावर उभे राहा म्हणाले. मग आजोबांकडे बराच वेळ पाहून पुढच्या तपासणीची तारीख लांबवली. त्यानंतर आजोबा रोज भाऊंबरोबर बाहेर. दोघे ओढ्याकाठी तासन्‌तास काय पाहत, मला कधीच कळलं नाही.

आता भाऊंच्या अंगणात त्यांच्या मुलाने पर्यटकांसाठी खोल्या बांधायला घेतल्या आहेत. हॉटेलमागची बरीच खाचरंही विकली गेली. थोडी उरली आहेत. तिथे या वर्षीही इर्जिक झाली, आणि आपलं घर मोजलं गेलं.