शेपटीवर बसणारं विमान

"गुल्हाने साहेब, बायको विमानातून उतरून पायी घरी चालली गेली."

सकाळी सकाळी वामनरावांचा हा फोन. मी दाढी करत होतो. म्हटलं, "हवेत असताना तर नाही ना उतरल्या?"

"मजाक नका करू जी. मांगचं चाक असं हाललं का तिची कवळी निघाली असती. आता म्हणते, जलमात बसणार नाही."

वामनरावांची ओळख आधी करून देतो. बुटीबोरीत त्यांचं वर्कशॉप होतं, कापडगिरण्यांच्या यंत्रांचे सुटे भाग बनवायचं. ते मुलाच्या हवाली केलं आणि यांनी परदेशातून विमानाचं किट मागवलं. किट म्हणजे सुट्या भागांचे खोके. विमान आपण जोडायचं. शेडमध्ये कित्येक वर्षं खपून त्यांनी ते जोडलं आणि बुटीबोरीच्या पुढे स्वतःच्या शेतात गवताची धावपट्टी केली. मी फ्लाइंग क्लबातून रिटायर झालेला इंजिनिअर. धरमपेठेतल्या घरी बसून पेपर वाचण्यापेक्षा त्यांच्या विमानाखाली लोळणं मला बरं वाटायचं.

त्यांची अडचण नुसती चाकाची नव्हती. महिनाअखेर त्यांचं मेडिकल संपत होतं. पायलटला डॉक्टरची सही लागते, त्याशिवाय उडता येत नाही. यापुढे सही मिळणार नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं. डोळे आणि साखर, दोन्ही. आणि इतक्या वर्षांत निर्मलावहिनी एकदाही त्यांच्यासोबत उडाल्या नव्हत्या. आत्ता कुठे तयार झाल्या, आणि धावपट्टीवरच्या पहिल्याच रपेटीत हे झालं.

मी गेलो. विमान शेडबाहेर धुऊनपुसून उभं होतं. हे विमान शेपटीवर बसणारं. पुढे दोन मोठी चाकं, मागे शेपटीखाली एक पिटुकलं. हल्लीच्या विमानांचं तिसरं चाक नाकाखाली असतं, ती सोपी असतात. किट मागवताना मी वामनरावांना तेच घ्या म्हटलं होतं. ते म्हणाले, "ते तं ऑटोरिक्षा झालं. हे पाहा, उभं असलं तरी आभाळाकडं पाहून राहते." खरं तर मलाही शेपटीवर बसणारंच आवडतं.

मागच्या चाकाच्या या थरथरीला आम्ही शिमी म्हणतो. मॉलमधल्या ट्रॉलीचं एखादं चाक कसं फडफडतं, तसंच. चाक एका उभ्या पिनेभोवती फिरतं. त्या पिनेचं डोकं ताठ किंवा किंचित मागे झुकलेलं हवं. ते पुढे झुकलं की शिमी सुरू. चाकाच्या वर पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग असते, ट्रकला असते तशी. ती थकून सपाट झाली की पिनेचं डोकं पुढे येतं.

यांच्या पट्ट्या थकल्याच होत्या. म्हटलं, "हे काढा. आता नवीन सस्पेन्शन मिळतं. पट्ट्यांऐवजी एक आर्म आणि छोटा शॉक अॅब्सॉर्बर. त्यात हवा भरायची. वजनाप्रमाणे कमीजास्त करता येते."

पार्सल आलं. चटई टाकून मी शेपटीखाली आडवा झालो, आणि खरं सांगतो, ग्रीसचा वास नाकात गेल्याबरोबर क्लबाचा हँगर आठवला. आमची तेव्हाची विमानं सगळी शेपटीवर बसणारी, कापडी पंखांची. त्यांच्यावर घालायच्या खोळी आम्ही गांधीबागेच्या कापडबाजारातून जाड कापड आणून शिवून घ्यायचो. आमचे चीफ इन्स्ट्रक्टर मोठे कडक. पोरगं उतरलं आणि खुशीत हात हलवायला लागलं की ओरडायचे, "अजून उडतोयस! शेपटी खुंटीला बांधेपर्यंत उड्डाण संपत नाही!" हा वामन त्या पोरांपैकीच एक. वर्कशॉपमधून सुटून सायकलवर यायचा, शिव्या खायचा आणि दुसऱ्या दिवशी परत यायचा. ती विमानं गेली, हँगरमधली ती माणसंही पांगली. मला त्या दिवसांची फार आठवण येते. बायकोसमोर मी हे कबूल करत नाही, कारण क्लबात मी घरापेक्षा जास्त राहिलो हे तिच्या चांगलं लक्षात आहे.

असो. सस्पेन्शन बसलं. हवा भरली, पिनेचा कोन मोजला, उत्तम. वामनराव एकटे धावपट्टीवर विमान पळवून आले, दोनदा उडून उतरले. चाक एकदम शहाण्यासारखं.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. "साहेब, तिले कशीबशी मनवून बसवलं. पट्टीवर धावलो. तेच! थडथडथड! आता तं शेडाकडंही येत नाही म्हणते."

मी गेलो. विमान पुन्हा आरशासारखं लख्ख. कोन मोजला, बरोबर. वहिनींच्या जागी मी बसलो, आम्ही वेगात धावलो. काही नाही. परत धावलो. काही नाही. माझं वजन वहिनींपेक्षा जास्तच भरेल. डोकं चालेना. महिना संपत आला होता आणि वामनराव माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच मेडिकलवर सही करायला नकार दिलाय.

वहिनी चहा घेऊन आल्या. शेडच्या दारातच थांबल्या.

"तुमी बसले तं हालत नाही, अन् मी बसली तं हालते," त्या म्हणाल्या. "काहून? विमानाले माहीत पडते का कोण बसलं ते?"

"वहिनी, एक काम करा. त्या दिवशी जशा बसला होतात, अगदी तशाच बसा. बाकी सगळंही तसंच पाहिजे."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मग आत गेल्या आणि एकेक वस्तू आणायला लागल्या. पाण्याचा थंडा जार, काठोकाठ भरलेला. जेवणाचा डबा. सतरंजी. दोन घडीच्या खुर्च्या. वामनरावांची लोखंडी टूलबॉक्स. सगळं सीटच्या मागच्या जागेत गेलं.

"हे काय?" मी विचारलं.

"सामान जी. बाहीर जाचं तं पाणी नाही घ्याचं का? उन्हाळा पाहा कसा तपून राहिला."

"मग मी आलो तेव्हा हे कुठे होतं?"

वामनराव ओशाळले. "तुमी येणार म्हणून काढून ठेवलं होतं. पाव्हना येणार तं घर आवरत नाही का माणूस?"

आयुष्यभर मी विमानं तपासली, पण माझ्या स्वागतासाठी दोष लपवून ठेवणारा हा पहिलाच माणूस. मी शेपटीपाशी जाऊन बसलो. सामान चढलं, दोघं बसले, आणि शॉक अॅब्सॉर्बर हळूहळू दबत गेला. पिनेचं डोकं पुढे झुकलं. वाकून बघायचीही गरज नव्हती.

मग मी चिडलो. खराच चिडलो. "वामनराव, चाक हाललं म्हणून वाचलात! एवढं वजन मागे ठेवून वर गेला असतात तर शेपटी खाली बसली असती आणि नाक खाली आणता आलं नसतं. क्लबात काय शिकलात? तराजूचा काटा मागे गेला की विमान पायलटचं ऐकत नाही!"

वहिनी खाली उतरल्या आणि जार त्यांनी स्वतःच उचलून बाहेर ठेवला.

"मले कोनं सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, ह्यायले तहान लागन."

माझा राग तिथेच विरघळला. उरलेलं सामान काढून दोघांना पुन्हा बसवलं, हातात एकेक पाण्याची बाटली दिली, आणि तेवढ्या वजनावर शॉकची हवा नव्यानं भरली. कोन मोजला. पट्टीवर धावायला लावलं. पहिल्या फेरीत वहिनींनी डोळे मिटले होते. तिसऱ्या फेरीनंतर म्हणाल्या, "नाही हालत गा आता."

महिना संपण्याआधीच्या रविवारी सकाळी ते उडाले. शेतावरून एक मोठी फेरी मारली, गावाकडे गेले, परतले. मी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभा. पुढची चाकं टेकली, मग शेपटी खाली आली, आणि चाक गवतावरून सरळ धावत आलं. वहिनी उतरल्या. पदर सावरला. म्हणाल्या, "आपलं घर केवढंसं दिसते वं वरून!" समोर मी आणि नवरा, वं म्हणण्यासारखी बाई तिथे कोणीच नव्हती. वामनराव चष्मा पुसत बसले.

मेडिकल संपलं. मला वाटलं, आता विमानावर खोळ चढली. पण पावसाळा संपल्यावर पुन्हा फोन.

"साहेब, मांगच्या चाकाचा टायर गेला. बुशही ढिला झाला."

माझं रक्त तापलं. "वामनराव, उडवता की काय?"

"नाही जी. रोज सायंकाळी हिले घेऊन पट्टीच्या त्या टोकापावतर जातो, अन् वापस येतो. हळूहळू. ती म्हणते चला, तं जातो."

जाऊन पाहिलं. हवेत चाकाला काम नसतं, ते जमिनीवर झिजतं, आणि हे रोज जमिनीवर होतं. बेअरिंगमध्ये काळ्या मातीची धूळ बसली होती. ती धुतली, ग्रीस भरलं, पिनेभोवतीची झिजलेली नळी म्हणजे बुश, तो बदलला, शॉकची हवा तपासली. आमच्या धंद्यात देखभाल उड्डाणाच्या तासांवर ठरते. या विमानाचे तास आता वाढत नाहीत, म्हणजे नियमाप्रमाणे त्याला माझी गरज नाही. तरी दर दोन-तीन महिन्यांनी मला नवा टायर घेऊन जावं लागतं.