रिकामी ठेवलेली ओळ

"मी विसरत नाई, भाऊ," असं म्हणत बाई कुपीवर नखाने टिचकी मारत, ती खिडकीच्या उजेडात धरत आणि मग रजिस्टर पुढे सरकवत. फ्रिज किंवा फ्रीझर कुणी उघडला, किती वाजता, कशासाठी, आणि सही. चंद्रपुरातल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत हे दिवसातून दहादा चाले. कुणी सही न करता निसटला, तर बाई त्याच्यासाठी एक ओळ रिकामी सोडत आणि ती भरेपर्यंत त्याचा पिच्छा पुरवत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या तावडीत सापडला नसाल, तर नशीबवान आहात.

बाई आमच्या तंत्रज्ञ, एटापल्लीकडच्या. त्यांची धाकटी बहीण सिकलसेलने गेली होती. आमचं कामही त्याच आजारावर. या रुग्णांच्या रक्तपेशी रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटून बसतात, वाट अडते आणि माणूस वेदनेने तळमळतो. पेशी ज्या जागेने भिंतीला धरते, नेमकी तीच जागा झाकणारी एक अँटीबॉडी आम्ही बाहेरदेशातून मागवली होती. बोटाच्या पेराएवढी कुपी. अशा अँटीबॉडीला मोनोक्लोनल का म्हणतात, हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर चित्रं काढून सांगायचो. बाई एका दमात सांगत, "ज्याच्यावर डूख धरला, त्यालेच धरते. शेजाऱ्याले हात लावत नाई."

रक्तवाहिनीच्या भिंतीसारखा थर दिलेल्या काचपट्टीवर अँटीबॉडी घातल्यावर पेशी वाहून गेल्या, की बाई सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता हसत. "निघाल्या! आता काऊन नाई चिकटत?" त्या हसण्यात आनंद थोडा आणि सूड जास्त असे.

मे महिन्यात एका दुपारी वीज गेली. बाई जेवायला गेल्या होत्या. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले साहेब लगबगीने आले, फ्रिजमधून कुपी काढली आणि डीप फ्रीझरमध्ये ठेवली. जास्त गार म्हणजे जास्त सुरक्षित, अशी त्यांची समजूत. खोक्यावर 'गोठवू नये' असं छापलेलं होतं, पण खोकी वाचायचं काम आमचं असे. समोरच्या टेबलाशी बसून मी सगळं पाहिलं. साहेबांना कोण सांगणार, म्हणून गप्प बसलो.

वीज आली आणि कुपीचा खडा झाला. दुसऱ्या दिवशी बाईंनी ती वितळवून वापरून पाहिली, तर पेशी जागच्या हलेनात. साहेबांनी अहवालात 'तंत्रज्ञाचा हलगर्जीपणा' असं लिहिलं आणि बाईंना सूक्ष्मदर्शकावरून उठवून काचसामान धुवायला बसवलं.

बाई माझ्याकडे आल्या. "फ्रीझरच्या दोनच किल्ल्या, भाऊ. एक माह्या कमरेले, एक साहेबाकडे. तुमी इथीच होते. पाह्यलं ना?"

माझी नोकरी कंत्राटी. मुदतवाढीचा कागद साहेबांच्या टेबलावर पडलेला.

"माझं लक्ष नव्हतं, बाई."

"बरं," त्या म्हणाल्या.

वर्षभर त्या बीकर घासत राहिल्या. साहेबांना रोज न चुकता नमस्कार करत. मला तो नमस्कार बघवत नसे.

मग नवी कुपी आली आणि काम पाहायला नागपूरहून समिती आली. साहेबांनी स्वतः प्रयोग करायला घेतला. अँटीबॉडीला बसायला वेळच दिला नाही, लगेच धुऊन टाकली. पेशी चिकटल्या त्या चिकटल्या. शेवटी म्हणाले, "बाईंना बोलवा."

बाई ओले हात पदराला पुसत आल्या. बगलेत गेल्या वर्षीचं रजिस्टर होतं. त्यांनी ते समितीसमोर उघडलं. मेमधल्या त्या दिवसाच्या नोंदींखाली जागा कोरी होती.

"साहेब, तुमची ओळ बाकी हाये."

"ते नंतर बघू, बाई."

"मंग पेशी बी नंतरच निघतीन."

समितीतल्या एकाने विचारलं, कसली ओळ? बाईंनी सावकाश, एकही शब्द न गाळता, किल्ल्यांसकट सगळं सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. अखेर त्यांनी सही केली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. मग बाई स्टुलावर बसल्या आणि तासाभरात पेशी वाहून गेल्या.

गेल्या वर्षी बाई निवृत्त होऊन गावी गेल्या. निरोपाच्या वेळी माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मी विसरत नाई, भाऊ." मला ती माया वाटली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

पुढच्या आठवड्यात कपाट आवरताना ते रजिस्टर हाती लागलं. साहेबांची सही पाहून पुन्हा मजा घ्यावी, म्हणून मी ते पान उघडलं. सहीच्या खाली बाईंच्या अक्षरात आणखी एक ओळ होती. माझं नाव. वेळ, पावणेदोन. कशासाठी, या रकान्यात लिहिलं होतं, 'पाहून राह्यले होते.'

सगळ्यांच्या मागे लागणाऱ्या बाई माझ्या मागे मात्र कधीच लागल्या नव्हत्या. आता मी कायम झालो आहे. साहेबही बदलून गेले. ते रजिस्टर माझ्याच कपाटात असतं आणि सहीची जागा अजून कोरी आहे.